‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण मराठीत रूढ आहे, आणि ‘बारभाईंची खेती, काय लागेल हाती’ हीही आहे. पहिली म्हण अनेकांच्या एकत्र विचारावर श्रद्धा ठेवावयास सांगते. दुसरी त्याच अनेकांची टर उडविते. दोन्ही अनुभवातून आलेल्या असल्यामुळे दोन्ही खऱ्याच मानल्या पाहिजेत. प्रश्न एवढाच उरतो की, पाचांच्या मुखी परमेश्वर केव्हा असतो आणि बारभाईंची खेती कोठून सुरू होते?

सांघिक कार्याचा महिमा गाणारी व्याख्याने आणि प्रशिक्षणवर्ग यांचा सध्या सुकाळ आहे. एकदिलाने काम करा, मतभेद विसरा, एकमेकांना सांभाळून घ्या, हा त्या सर्वांचा सारांश असतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षी चौघा-चौघांचे गट पाडून प्रकल्प करवून घेतला जातो, तोही याच शिकवणुकीसाठी. त्या प्रकल्पाचे पुढे काय होते, हे विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. एकजण रात्री जागवितो, दुसरा अहवालाला सुबक मुखपृष्ठ लावतो, उरलेले दोघे तोंडी परीक्षेच्या दिवशी नीटनेटके कपडे घालून येतात. आणि गुण चौघांना सारखे मिळतात. त्या गटात भांडण मात्र झालेले नसते. सलोख्यालाच सांघिक कार्य समजण्याची चूक येथूनच अंगवळणी पडते.

व्यवस्थापनशास्त्राने या प्रश्नाचा विचार केलेला नाही असे नाही. इंग्लंडमधील हेन्ली येथील प्रशासकीय महाविद्यालयात डॉ. मेरेडिथ बेल्बिन यांनी अनेक वर्षे गटांचे निरीक्षण केले आणि १९८१ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. केवळ बुद्धिमान माणसे निवडून तयार केलेले गट बहुधा मागे पडतात, कारण एकमेकांच्या युक्तिवादातील छिद्रे शोधण्यातच त्यांचा वेळ जातो, असे त्यांना आढळले. अशा गटांना त्यांनी ‘अपोलो’ हे नाव दिले होते. यशस्वी गटात कोणी कल्पना काढणारा, कोणी तिची पारख करणारा, कोणी सर्वांना बांधून ठेवणारा, कोणी काम शेवटास नेणारा, अशा निरनिराळ्या प्रकृतींची माणसे लागतात. अशा आठ भूमिका त्यांनी सांगितल्या. पुढे त्यात तज्ज्ञाची नववी भूमिका घातली. हे विवेचन मोलाचे आहे. परंतु ते मुख्यतः स्वभावांचे विवेचन आहे. पूल, अग्निबाण किंवा धरण उभारणाऱ्या गटात स्वभावांपेक्षाही कठोर असा दुसरा एक प्रश्न असतो. धोका ज्याच्या डोळ्यांना प्रथम दिसतो, त्याला काम थांबविण्याचा अधिकार असतो काय? त्याला तो नसेल, तर ज्याला आहे तो माणूस हाकेच्या अंतरावर असतो काय?

क्वेबेकचा पूल

या प्रश्नाचे सर्वांत भीषण उत्तर कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीच्या काठी २९ ऑगस्ट १९०७ रोजी मिळाले. क्वेबेक शहराजवळ या नदीवर रेल्वेचा पूल उभारला जात होता. दोन्ही काठांजवळच्या खांबांवरून पोलादी बाहू नदीच्या पात्रावर पुढे पुढे झेपावत न्यावयाचे आणि शेवटी मधला भाग त्यांच्या टोकांना जोडावयाचा, अशी ती कॅन्टिलिव्हर पद्धत. मूळ आराखड्यात मधला गाळा १,६०० फुटांचा होता. खोल पाण्यात आणि बर्फाच्या माऱ्यात खांब उभारणे टाळावे म्हणून सल्लागार अभियंता थिओडोर कूपर यांनी १९०० साली तो १,८०० फुटांचा करावयास सुचविले. स्कॉटलंडमधील फोर्थ नदीमुखावरील पुलाचा गाळा १,७१० फुटांचा होता. त्यामुळे जगातील सर्वांत लांब गाळ्याचा मान आपोआपच क्वेबेककडे येणार होता. कूपर यांना या मानाचा मोह नव्हता असे म्हणवत नाही.

कूपर हे अमेरिकेतील अग्रगण्य पूलतज्ज्ञांपैकी एक. सेंट लुईस येथे मिसिसिपीवर जेम्स ईड्स यांनी उभारलेल्या प्रख्यात पुलावर त्यांनी उमेदीची वर्षे घालविली होती. क्वेबेकचे काम त्यांनी स्वीकारले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती आणि प्रकृतीही साथ देत नव्हती. ते न्यूयॉर्कमध्ये राहत. १९०३ नंतर त्यांनी क्वेबेकला पाऊल टाकले नाही. म्हणजे पोलादी सांगाडा चढू लागल्यावर त्यांनी तो एकदाही प्रत्यक्ष पाहिला नाही. असे असूनही त्यांच्या निर्णयावर दुसऱ्या कोणाची नजर असू नये, असा त्यांचा आग्रह होता. सरकारच्या रेल्वे खात्याने आराखडे स्वतंत्रपणे तपासावेत अशी सूचना पुढे आली, तेव्हा आपल्याला दुय्यम ठरविणारी ही व्यवस्था आपण मान्य करणार नाही, असे त्यांनी कळविले. खात्याने माघार घेतली. इतक्या मोठ्या माणसाचे काम तपासावयाचे तरी कोणी, अशीच सर्वांची समजूत झाली असावी.

प्रत्यक्ष जागेवर काय स्थिती होती? पूल बांधून घेणाऱ्या कंपनीचे मुख्य अभियंता एडवर्ड होर तेथे होते. पण तीनशे फुटांहून मोठ्या गाळ्याच्या पुलाचा त्यांना अनुभव नव्हता. पोलाद घडविणारी आणि चढविणारी फिनिक्स ब्रिज कंपनी पेन्सिल्व्हेनियातील फिनिक्सव्हिल येथील. तिचा स्वतःचा एक तरुण अभियंता, आर्थर बर्क्स, जागेवर होता. कूपर यांच्या वतीने देखरेख ठेवण्यासाठी नॉर्मन मॅक्ल्युअर हा दुसरा तरुण नेमलेला होता. त्याने पाहावे, मोजावे आणि न्यूयॉर्कला पत्र लिहावे. काम थांबविण्याचा अधिकार त्याला नव्हता. ज्ञान एका शहरात, अधिकार कागदावर तिसऱ्याच माणसाच्या नावे, आणि डोळे या तरुणाचे, अशी ती विभागणी होती.

गाळा दोनशे फुटांनी लांबला म्हणजे पोलादाचे वजनही वाढणार, हे शाळकरी मुलालाही कळावे. तरीही पुलाच्या स्वतःच्या वजनाचा जुना अंदाज नव्याने मांडलाच गेला नाही. १९०६ साली प्रत्यक्ष वजनांशी ताळा घेताना ही चूक उघडकीस आली, तेव्हा बांधकाम पुष्कळ पुढे गेले होते. पोलादावरील ताण ठरविलेल्या मर्यादेपेक्षा सात ते दहा टक्क्यांनी अधिक भरत होता. एवढे चालण्यासारखे आहे, असा निर्वाळा कूपर यांनी दिला. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग केलेले काम मोडून नव्याने आरंभ करण्याचा होता. तो कोणी सुचविल्याचे दिसत नाही.

ऑगस्ट १९०७ च्या आरंभी दाब सोसणाऱ्या खालच्या तुळयांचे सांधे वाकू लागल्याचे मॅक्ल्युअरच्या लक्षात आले. त्याने न्यूयॉर्कला कळविले. मग एक वाद सुरू झाला. बर्क्स आणि त्याची कंपनी म्हणत होती की हा वाक कारखान्यातूनच आलेला, जुना आहे. मॅक्ल्युअर म्हणत होता की तो तुळया चढविल्यानंतरचा आहे. जवळजवळ तीन आठवडे पत्रे जात-येत राहिली आणि त्याच अवधीत पुलावर पोलाद चढतच राहिले. सरकारी कचेऱ्यांतील टिपणी आणि प्रतिटिपणी यांचा परिचय असलेल्या वाचकाला हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

२७ ऑगस्टच्या सकाळी मॅक्ल्युअरने नऊ क्रमांकाच्या डाव्या तुळईचा वाक पुन्हा मोजला. आठवड्यापूर्वी तो पाऊण इंच होता. आता दोन इंच भरला. जुना वाक आठवड्यात सव्वा इंचाने वाढत नसतो. वादाचा निकाल तेथेच लागावयास हवा होता. पुलावरच्या मुकादमाने त्या दिवशी काम थांबविलेही. परंतु दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सुरू झाले आणि होर यांनी त्याला संमती दिली. काम बंद ठेवल्यास माणसांचे मनोधैर्य खचेल, कामगार निघून जातील आणि त्या वर्षाचा हंगाम हातचा जाईल, अशी त्यांना धास्ती होती. मनोधैर्याची ही काळजी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गटाचा उत्साह टिकावा म्हणून गटाच्या डोक्यावरचा धोका दृष्टिआड करण्यात आला.

टेलिफोन आणि तार उपलब्ध असताना मॅक्ल्युअरला आगगाडीने न्यूयॉर्कला धाडण्यात आले. २९ ऑगस्टला दुपारपूर्वी तो कूपर यांच्यापुढे उभा राहिला. त्या वृद्ध अभियंत्याने परिस्थिती तत्काळ ओळखली. परिणामांचा विचार होईपर्यंत पुलावर अधिक भार चढवू नये, अशी तार त्यांनी केली. ती त्यांनी क्वेबेकला न पाठविता फिनिक्सव्हिलला, कंपनीच्या कचेरीत पाठविली, कारण जागेवरचे काम बंद झालेले आहे अशी त्यांची समजूत होती. मॅक्ल्युअरकडूनही क्वेबेकला तार गेली नाही. फिनिक्सव्हिलला तार पोहोचली, मॅक्ल्युअर सायंकाळी तेथे येऊन दाखल झाला, बैठक बसली, आणि जागेवरून बर्क्सचे पत्र यावयाचे आहे, ते सकाळी पाहून ठरवू, असे ठरले.

त्याच सुमारास क्वेबेकला काम सुटल्याची शिटी वाजली होती. साडेपाच वाजून गेले होते. पुलाचा दक्षिणेकडील सारा भाग, सुमारे १९,००० टन पोलाद, पंधरा सेकंदांत कोसळला. पुलावर ८६ माणसे होती. त्यांतील ७५ मरण पावली. मृतांत बर्क्स होता आणि तो मुकादमही होता.

नंतर नेमलेल्या शाही आयोगाने आराखड्यातील चुकीचा दोष कूपर आणि फिनिक्स कंपनीचे रचनाकार यांच्या पदरात घातला. मुख्य अभियंत्याच्या पदावर अनुभवी पूलतज्ज्ञ न नेमणे ही कंपनीची चूक होती, असेही म्हटले. परंतु त्या अहवालातील सर्वांत जिव्हारी लागणारे निरीक्षण वेगळेच आहे: जगातील सर्वांत मोठा पूल बांधला जात असताना त्या संकटाला तोंड देण्यास समर्थ असा एकही माणूस जवळपास नव्हता. नावाजलेली माणसे पुष्कळ होती आणि त्यांच्यात फारसे वैमनस्यही नव्हते. प्रत्येकजण दुसऱ्याच्या भरवशावर निर्धास्त होता.

सव्वीस वर्षांचा तरुण

क्वेबेकच्या मॅक्ल्युअरशेजारी दुसऱ्या एका तरुणाला उभे करून पाहिले पाहिजे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चे चांद्रयान पृष्ठभागाकडे उतरत होते. दहा किलोमीटरच्या आसपास उंचीवर असताना त्याच्या संगणकाने ‘१२०२’ असा इशारा दिला. त्याचा अर्थ यानातील दोन्ही अंतराळवीरांना माहीत नव्हता. पुढे जावे की उतरणे सोडून परत फिरावे, हे ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाने सांगावयाचे होते, आणि तेही सेकंदांत.

त्या कक्षाची रचना पाहण्यासारखी होती. प्रत्येक मेजावर एकच विषय. इंधनाच्या मेजाने इंधनाचे बोलावे, दिशादर्शनाच्या मेजाने दिशादर्शनाचे. प्रत्येक मेजामागे दुसऱ्या खोलीत त्या विषयातील साहाय्यक बसलेले. अंतराळवीरांशी बोलणार एकचजण, म्हणजे यानात पाच आवाज पोहोचणार नाहीत. सर्वांवर उड्डाणसंचालक जीन क्रान्झ. त्यांचे वय पस्तीस. मोहिमेचे नियम आधीच लिहून ठेवलेले, म्हणजे ऐन वेळी कोणाचा शब्द चालावा यावर खल करावा लागणार नाही. दिशादर्शनाच्या मेजावर होता स्टीव्ह बेल्स, वय वर्षे सव्वीस. आणि मागच्या खोलीत त्याला साहाय्य करणारा जॅक गार्मन चोवीस वर्षांचा. संगणकावर कामाचा बोजा वाढला असून तो गौण कामे सोडून महत्त्वाची तेवढी करीत आहे, इशारा सतत येत राहिला नाही तर धोका नाही, हे गार्मनने ओळखून बेल्सला सांगितले. बेल्सने संचालकांना ‘पुढे चला’ म्हणून कळविले आणि अर्ध्या मिनिटाच्या आत ते उत्तर चंद्राकडे गेले. त्याच्या वयाची चौकशी कोणी केली नाही, की वरिष्ठांची सही मागितली नाही.

हे पाहून कोणाला वाटेल, बेल्स असामान्य बुद्धीचा असणार. बुद्धीचा प्रश्नच नाही. कारण उड्डाणाच्या थोडे दिवस आधी सरावात अशाच जातीचा इशारा मुद्दाम दिला गेला, तेव्हा याच बेल्सने घाईने परत फिरण्याचा निर्णय दिला होता आणि तो चुकीचा ठरला होता. त्या चुकीवर कक्षात परखड चर्चा झाली. बेल्सला मेजावरून हलविण्यात आले नाही. संगणकाच्या सर्व इशाऱ्यांचा अभ्यास करा, असे क्रान्झ यांनी बजावले. त्यातून गार्मनने हाताने लिहिलेली एक यादी तयार झाली आणि त्या दिवशी ती त्याच्या मेजावर होती. चुकीची किंमत सरावात मोजून झाली होती. प्रत्यक्ष प्रसंगी ती मोजावी लागली नाही. अधिकार दिला की चूक होणारच. ती कोठे व्हावी याची तजवीज येथे केलेली होती. परीक्षेतील प्रत्येक चुकीला लाल शाई लावून मोकळे होणाऱ्या शिक्षणपद्धतीने या यादीकडे जरा वेळ काढून पाहावे.

दोन टोप्या

यावरून एखादी संस्था ही विद्या एकदा शिकली की कायमची शिकली, असा समज होण्याचा संभव आहे. तो खोटा ठरविण्याचे काम त्याच संस्थेने सतरा वर्षांच्या आत केले. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी हवेत फुटले आणि सात अंतराळवीर मरण पावले. बाजूच्या अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे थंडीने ताठरले होते.

हा धोका आदल्या रात्रीच सांगितलेला होता. अग्निबाण तयार करणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी टेलिफोनवरील बैठकीत स्पष्ट सांगितले की, सुमारे बारा अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नये. फ्लॉरिडात त्या रात्री पारा शून्याखाली उतरणार होता. अंतराळ संस्थेच्या अधिकाऱ्यांना हा सल्ला रुचला नाही. कंपनीने आपसांत विचार करण्यासाठी पाच मिनिटे मागून घेतली. ती अर्ध्या तासावर गेली. त्या अवधीत कंपनीच्या अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष रॉबर्ट लुंड यांना त्यांच्या वरिष्ठांनी सांगितले की, आता अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घाला. लुंड यांनी ती घातली. चौघा व्यवस्थापकांचे मत घेण्यात आले; अभियंत्यांना विचारण्यात आले नाही. उड्डाणास हरकत नाही, असा कागद रवाना झाला. अंतिम निर्णय घेणाऱ्या वरच्या अधिकाऱ्यांना तर असा वाद झाला होता, हेही कळले नाही.

या प्रसंगात कोणी अज्ञानी नव्हते आणि कोणी दूर नव्हते. रॉजर बॉइसजोली आणि आर्नी थॉम्पसन हे अभियंते त्याच खोलीत बसलेले होते. लुंड यांना धोका माहीत होता. थोड्या वेळापूर्वी त्यांनी स्वतःच उड्डाणाविरुद्ध शिफारस केली होती. क्वेबेकला धोका पाहणाऱ्याजवळ अधिकार नव्हता. येथे अधिकार असलेल्या माणसाने धोका पाहिलेला होता. मात्र तो ज्या भूमिकेत पाहिला ती भूमिकाच त्याला बदलावयास लावण्यात आली. अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाने व्यवस्थापकासारखा विचार केला की, त्या बैठकीत व्यवस्थापक चार होतात आणि अभियंत्याची खुर्ची रिकामी पडते. बहुमत मग आपोआप मिळते. रबराला मात्र त्या बहुमताची वार्ता नसते.

क्वेबेकचा पूल पुन्हा बांधण्यात आला. त्या खेपेस सरकारने अभियंत्यांचे मंडळ नेमले आणि पोलाद पुष्कळ अधिक वापरले. तरीही ११ सप्टेंबर १९१६ रोजी मधला भाग वर उचलताना खाली कोसळला आणि आणखी तेराजण बळी पडले. १९१७ साली पूल पुरा झाला. कॅन्टिलिव्हर पुलांत त्याचा गाळा आजही जगात सर्वांत लांब आहे. कॅनडातील अभियंते पदवीनंतर करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. ती कोसळलेल्या पुलाच्या लोखंडाची असते, ही समजूत खरी नाही. १९२५ साली सुरू झालेल्या त्या विधीची संहिता मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने लिहिलेली आहे.

पुलावर मेलेल्यांपैकी ३३ जण माँट्रियलजवळच्या काह्नवाके या वस्तीतील मोहॉक जमातीचे होते. उंचावर पोलाद चढविण्यात ही माणसे वाकबगार. रिव्हेट ठोकणाऱ्या टोळीत चौघे असत. एकजण भट्टीत रिव्हेट लाल करून फेकी. दुसरा ते डब्यात झेलून भोकात बसवी. तिसरा मागून टेकू धरी. चौथा हातोडा चालवी. चौघांपैकी एकाचे चुकले तर काय होईल, हे चौघांनाही ठाऊक असे, आणि एकजण थांबला की टोळी थांबे. एका छोट्या वस्तीतील इतके कर्ते पुरुष एकाच सायंकाळी गेल्यावर तेथील बायकांनी हट्ट धरला, असे सांगतात, की यापुढे गावातले सारे पुरुष एकाच कामावर जाणार नाहीत. तेव्हापासून टोळ्या निरनिराळ्या शहरांत, निरनिराळ्या पुलांवर आणि इमारतींवर विखुरल्या. काह्नवाकेच्या दफनभूमीत त्या ऑगस्टच्या मृतांच्या थडग्यांवर पोलादी तुळयांचे क्रूस उभे आहेत.